गॅस्केट उडण्यापूर्वी

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या माणसाने ज्या एका बिघाडाचे निदान स्वतः करावयास शिकलेच पाहिजे, तो बिघाड म्हणजे हेड गॅस्केट उडणे. कारण गाडी मिस्त्रीच्या हाती जाण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चालक जे करतो किंवा करावयाचे टाळतो, त्यावरच खर्च गॅस्केटपुरता राहावयाचा की हेड आणि ब्लॉकपर्यंत पोहोचावयाचा, हे बहुधा ठरून जाते. माझी टाटांची जुनी 1210 गाडी या एका कारणासाठी दोनदा उघडावी लागली, आणि दोन्ही वेळचा कसूर यंत्राचा नसून माझा होता, ही गोष्ट आरंभीच नमूद करून ठेवतो.

वैशाखातली दुपार होती. चिपळुणाहून जांभ्याचा चिरा भरून कऱ्हाडास जावयाचे होते. पोफळी मागे टाकून गाडी कुंभार्ली घाटाला लागली तेव्हा सर्व काही ठीक आहे असे मी समजत होतो. वास्तविक आठवडाभर गाडी मला इशारा देत होती. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी कमी निघे, आणि खाली जमिनीवर मात्र थेंब दिसत नसे. क्लीनर पाणी भरून टाकी, आणि भाड्याच्या हिशेबात गढलेला मी, ते पाणी गेले कोठे याची चौकशी करीत नसे. गळतीवाचून जे पाणी नाहीसे होते ते इंजिनाच्या आत तरी जाते, नाही तर आतला वायू त्याला बाहेर तरी ढकलतो. तिसरी वाट क्वचितच असते.

घाटाच्या मध्यावर उष्णतेचा काटा लाल खुणेपाशी गेला. मी गिअर उतरवला, वेग कमी केला, आणि थोड्याच वेळात काटा एकदम खाली आला. क्लीनर आनंदाने म्हणाला, "मालक, काटा उतरला. पाणी गार झालं." मलाही तसेच वाटले आणि मी आणखी दोन वळणे चढलो. आज ही ओळ लिहिताना मन विषण्ण होते. कारण तो काटा ज्या सेन्सरच्या आज्ञेने चालतो, तो पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो, आणि पाणी निघून जाऊन तेथे पोकळी झाली की जळत्या इंजिनावरही शांतपणे थंडावा दाखवतो. चढावर भार तसाच असताना काटा अकस्मात उतरला, तर ती गाडी तत्क्षणी बाजूस घेण्याची आज्ञा समजावी. मी थांबलो तो रेडिएटरच्या तोंडातून वाफेचा लोट उठल्यावर, एक सिलिंडर मारेनासा झाल्यावर आणि गाडीने ओढ सोडल्यावर.

दुसरी चूक लगेच घडली. ओले पोते टाकून झाकण उघडले आणि जवळच्या झऱ्याचे गार पाणी डब्याने आत ओतले. मुळात ते झाकण दाब धरून ठेवते, म्हणूनच पाणी 100 अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. तो दाब अचानक सोडला तर उकळते पाणी तोंडावर येऊन माणूस जन्माचा भाजतो. आणि तापलेल्या बिडाच्या हेडवर गार पाणी पडले, तर दोन व्हॉल्व्हांच्या मधली अरुंद जागा तडकावयास एवढे कारण पुरते. पाणी संपले अशी शंका येताच इंजिन बंद करावे, तास-दीड तास त्यास हात लावू नये, आणि मग थोडे थोडे पाणी भरावे. भाडे बुडेल, माल उशिरा पोहोचेल, परंतु हेड वाचेल.

पहिली दुरुस्ती घाईची झाली. एका गॅरेजमध्ये एका दिवसात हेड उतरवून, फडक्याने पुसून, नवे गॅस्केट घालून बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले गेले, आणि पुढच्या खेपेची बोली ठरलेली असल्यामुळे मीच मिस्त्रीच्या मागे तगादा लावला होता. तीन आठवड्यांत, त्याच घाटात, गॅस्केट पुन्हा उडाले.

या खेपेस गाडी कऱ्हाडातील एका वयोवृद्ध मिस्त्रीकडे ओढून नेली. त्यांनी हेड धुऊन बाकावर उलटे ठेवले, त्यावर लांब पोलादी सरळ पट्टी आडवी धरली आणि फीलर गेजमधले 0.20 मिलिमीटरचे पाते माझ्या हाती देऊन म्हणाले, "दादा, तुमच्या हातानं घालून बघा." तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरांच्या मध्ये ते पाते पट्टीखालून काहीही न अडखळता पार गेले. या इंजिनात सहाही सिलिंडरांवर एकच लांब हेड बसते, त्यामुळे अतितापाने त्यास बाक येतो, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण डिझेल इंजिनात हवा सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते आणि ज्वलनाच्या क्षणी त्याहूनही अधिक दाब उत्पन्न होतो, अशा दाबाला केसाएवढी फटही राजमार्ग असते. गॅस्केटवर बरोबर त्याच ठिकाणी काळी जळकी रेघ उमटलेली होती.

मग त्यांनी ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत तार घालून फिरवली आणि माझ्या तळहातावर पिवळट पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग झाला. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी भरल्याने साचलेले ते क्षार होते. रेडिएटरच्या नळ्यांत तर जुनी गळती थांबविण्यासाठी मागे कधी टाकलेली हळद घट्ट बसलेली सापडली. थर्मोस्टॅट पूर्वीच्या कोणी मालकाने काढून टाकलेला होता. गाडी थंड राहील या समजुतीने पुष्कळजण तसे करतात, परंतु ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तेथे तो नसल्यास गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परत येतो. गॅस्केट या सर्वांचे ओझे वाहत होते आणि सर्वांत अशक्त म्हणून तेच प्रथम तुटले. पहिल्या दुरुस्तीत यांपैकी एकाही बाबीची तजवीज झाली नव्हती.

ज्यांची गाडी उघडावयाची असेल त्यांनी पुढील गोष्टींची खातरजमा समोर उभे राहून करून घ्यावी. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, आणि बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे ढिले करावेत. हेडचे फेसिंग करण्यापूर्वी पाण्याच्या दाबाने तडा तपासून घ्यावा, नाही तर तडकलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च वाया जातो. फेसिंगमध्ये किती धातू गेला ते लिहून ठेवावे, कारण हेड पातळ होताच व्हॉल्व्ह पिस्टनच्या तितके जवळ येतात आणि त्यांची खोली पुस्तिकेतील मर्यादेत आणावी लागते. ब्लॉकमधील बोल्टांची भोके तेल-पाण्याचा थेंब न ठेवता कोरडी करावीत. खालून बंद असलेल्या भोकात तेल राहिले तर आवळताना ते दाबून ब्लॉक फोडते किंवा टॉर्क रेंचला खोटा आकडा दाखवते. ताणून लांबलेले बोल्ट बदलावेत. आवळणी मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच व्हावी, आणि टॅपेट सेटिंग नंतर अवश्य करावे.

तेलाची कांडी काढल्यावर तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर गाडी एक फर्लांगही चालवू नये. ते तेल बेअरिंग खाऊन टाकते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या सिलिंडरात पाणी उतरल्याची शंका असेल तर स्टार्टर लावण्यापूर्वी नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, कारण पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. रोजची साधी परीक्षा म्हणून सकाळी, इंजिन गार असताना, रेडिएटरचा वरचा हौस पाइप दाबून पाहावा; काहीही चालू नसताना तो टणक लागला, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरून तेथेच अडकून राहिला आहे, असे बहुतांशी धरून चालावे. मग झाकण काढून इंजिन चालू करावे आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघावे.

मिस्त्रींनी माझ्या गाडीचे हेड याच रीतीने बसविले, रेडिएटरचा कोर उघडून साफ करविला, नवा थर्मोस्टॅट बसविला आणि गाडी रिकामी कऱ्हाड-पाटण फिरवून आणावयास सांगितली. परत आल्यावर इंजिन निवल्यानंतर नव्या गॅस्केटच्या सूचनेप्रमाणे बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा मधले दोन किंचित फिरले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौस दाबून पाहिला. तो नरम लागला. पाण्याची पातळी जिथल्या तिथे होती. मग चिपळूणच्या खाणमालकाला चिरा भरून ठेवण्याचा निरोप धाडला.