हसू कोणाचे, हसू कोणाला? : काही हिंदी विनोदी चित्रपट

प्रास्ताविक

विनोदी चित्रपट सर्वांनाच आवडतात. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाला दोन-अडीच तास हसवत ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ‘ही तर केवळ करमणूक’ असे म्हणून अशा चित्रपटांचा विचार तेथेच सोडून दिला जातो. आपण कोणाला हसलो आणि का हसलो, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. प्रस्तुत पाठात पाच हिंदी चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. हे चित्रपट तुम्ही पाहिले असतील, तर पाठ वाचताना त्यांतील प्रसंग आठवा. पाहिले नसतील, तर पाठ वाचून झाल्यावर अवश्य पाहा.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
- विनोद कशातून निर्माण होतो, हे सांगता येईल;
- विनोदाचे लक्ष्य कोण आहे, हे ओळखता येईल;
- निर्मळ विनोद आणि बोचरी थट्टा यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- पाहिलेल्या चित्रपटाविषयी स्वतःचे मत कारणांसह मांडता येईल.

मूळ पाठ

विनोदाच्या मुळाशी विसंगती असते. माणूस बोलतो एक आणि वागतो भलतेच. त्याला वाटते एक आणि घडते निराळेच. या दोन टोकांमधील अंतर दिसले की हसू येते. मराठी साहित्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांनी ही विसंगती शब्दांतून टिपली. पडद्यावरही ती लवकरच अवतरली. अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करणाऱ्या तरुणाची प्रेमात पडल्यावर होणारी तारांबळ हा त्याचा विषय. येथे हसू येते ते ब्रह्मचर्याला नव्हे, तर स्वतःला न ओळखता केलेल्या प्रतिज्ञेला.

अशाच एका आग्रहाची मौज हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘चुपके चुपके’ (१९७५) या चित्रपटात दिसते. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक परिमल त्रिपाठी यांचे नुकतेच लग्न झाले आहे. पत्नी सुलेखा आपल्या मेहुण्यांच्या, म्हणजे राघवेंद्र यांच्या, बुद्धीचे सतत गोडवे गाते. राघवेंद्र यांना शुद्ध हिंदी बोलणारा वाहनचालक हवा असतो. परिमल तोच वेष घेऊन त्यांच्या घरी दाखल होतो आणि इतकी संस्कृतप्रचुर हिंदी बोलू लागतो की, शुद्धतेचे अभिमानी राघवेंद्रच हैराण होतात. ही हिंदी भाषेची टवाळी आहे काय? तसे म्हणता येणार नाही. शुद्ध शब्द मुळात हास्यास्पद नसतात. भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द आज मराठी माणूस सहजपणे वापरतो. हसू येते ते प्रसंग न ओळखता केलेल्या अट्टहासाला आणि त्यामागच्या अहंकाराला. धर्मेंद्र आणि ओम प्रकाश या दोघांनी हा खेळ इतक्या संयमाने रंगवला आहे की, पराभूत झालेल्या राघवेंद्र यांच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात आपुलकीच उरते.

हृषीकेश मुखर्जी यांचाच ‘गोल माल’ (१९७९) हा चित्रपट अधिक गंभीर प्रश्नाला हात घालतो. रामप्रसाद हा सुशिक्षित तरुण नोकरीच्या शोधात आहे. भवानीशंकर या व्यापाऱ्याच्या मते मिशी हे चारित्र्याचे लक्षण आहे, आणि खेळांत रस घेणारा तरुण कामाचा नाही. नोकरी मिळावी म्हणून रामप्रसाद खेळाडूंची नावेही ठाऊक नसल्याचे सोंग करतो. पुढे आईच्या आजाराची सबब सांगून तो हॉकीचा सामना पाहण्यास जातो आणि नेमका मालकाच्या दृष्टीस पडतो. मग एक खोटे झाकण्यासाठी दुसरे खोटे उभे राहते. लक्ष्मणप्रसाद नावाचा बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला येतो. त्यापाठोपाठ आईही उसनी आणावी लागते. अमोल पालेकर, उत्पल दत्त आणि दीना पाठक यांचा अभिनय या चित्रपटात संस्मरणीय ठरला आहे. हसण्याच्या भरात एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ शकते. रामप्रसाद कामात कोठेही कमी नाही; तरीही केवळ गुणांच्या बळावर त्याला नोकरी मिळण्याची खात्री नाही. त्याला खोटे बोलावे लागते, याचे कारण नोकरी देणाऱ्याच्या पूर्वग्रहात आहे. म्हणूनच येथे गरजू माणूस हसण्याचा विषय होत नाही. हसू येते ते मिशीवरून माणूस जोखणाऱ्याला.

सई परांजपे यांच्या ‘कथा’ (१९८३) या चित्रपटाचे मूळ मराठीत आहे. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर तो आधारलेला आहे. मुंबईतील चाळीत राहणारा राजाराम सरळमार्गी आहे. त्याचा मित्र बाशू गोड बोलून सर्वांना भुरळ पाडतो. थापा मारून राजारामच्याच कंपनीत शिरकाव करून घेतो. राजारामचे मन जिच्यावर जडले आहे, ती संध्याही त्याच्या बोलण्याला भुलते. बालपणीच्या गोष्टीत कासव शर्यत जिंकते. येथे ससा सर्वांना फसवून निघून जातो आणि कासव मागे राहते. नसीरुद्दीन शाह यांचा राजाराम आणि फारूख शेख यांचा बाशू पाहताना प्रेक्षकाला आपल्याच मनाची गंमत कळते. आपण बाशूच्या चलाखीला दाद देत असतो, म्हणजे चाळकऱ्यांबरोबर आपणही फसलेलो असतो!

विनोद नेहमीच न्यायाच्या बाजूने असतो, असे मात्र नाही. ज्योती स्वरूप दिग्दर्शित ‘पडोसन’ (१९६८) हा अतिशय लोकप्रिय चित्रपट आहे. भोळा नायक खिडकीत उभा राहून केवळ ओठ हलवतो आणि त्याचा मित्र आडून गातो. पार्श्वगायनाच्या प्रथेचीच ही खुमासदार गंमत आहे. सुनील दत्त, किशोर कुमार आणि मेहमूद यांनी त्यात धमाल उडवली आहे. तथापि, मेहमूद यांनी साकारलेल्या दक्षिण भारतीय संगीतशिक्षकाच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा लागतो. प्रेक्षक त्याच्या वेषाला आणि बोलण्यातील हेलाला हसतो. वस्तुतः त्याला संगीत येते आणि नायकाला येत नाही. तरीही शेवटी हरतो तो शिक्षक. अनेक भाषांच्या या देशात प्रत्येकाचे बोलणे कोणाच्या तरी कानाला वेगळे वाटते. मराठी माणूस परप्रांतात हिंदी बोलू लागला की त्याचाही हेल लपत नाही. माणसाच्या हेलाला हसणे सोपे असते. पण ज्याला हसले जाते, त्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहिले की त्या हसण्याची किंमत समजते. ‘पडोसन’ आनंदाने पाहावा. मात्र हे भान ठेवून पाहावा.

याच्या अगदी उलट दिशेने जाणारा चित्रपट म्हणजे कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३). राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्याची निर्मिती केली होती. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब छायाचित्रकार. त्यांच्या छायाचित्रातून एका खुनाचा उलगडा होतो आणि बांधकाम व्यावसायिक, अधिकारी व वृत्तपत्र यांचे साटेलोटे उघड होऊ लागते. प्रेत घेऊन झालेली पळापळ महाभारताच्या नाट्यप्रयोगात जाऊन पोहोचते आणि रंगमंचावर एकच गोंधळ उडतो. हा प्रसंग पाहताना हसू आवरत नाही. परंतु शेवटी खरे गुन्हेगार आपसांत तडजोड करतात आणि कोसळलेल्या पुलाचा दोष या दोन निरपराध तरुणांच्या माथी मारला जातो. क्षणापूर्वी हसणारा प्रेक्षक सुन्न होतो. येथील विनोद बलवानांचा मुखवटा उतरवतो. परंतु तेवढ्याने त्यांची सत्ता जात नाही, हे कटू सत्यही तो लपवत नाही.

या पाचही चित्रपटांत हसू आहे. परंतु त्याचे लक्ष्य वेगवेगळे आहे. अहंकार, पूर्वग्रह, ढोंग आणि अन्याय यांना हसणारा विनोद माणसाला शहाणे करतो. दुसऱ्याची भाषा, रूप किंवा गरिबी यांना हसणारा विनोद क्षणभर रंजन करतो आणि कोणाच्या तरी मनावर ओरखडा ठेवून जातो.

शब्दार्थ

विसंगती – मेळ नसणे
संस्कृतप्रचुर – संस्कृत शब्दांचा भरणा असलेली
अट्टहास – अवाजवी हट्ट
पूर्वग्रह – विचार न करता आधीच करून घेतलेले मत
साटेलोटे – स्वार्थासाठी केलेले आपसांतील संगनमत
हेल – बोलण्याची विशिष्ट लकब

पाठगत प्रश्न

१. ‘चुपके चुपके’ या चित्रपटात हसू कशाला येते?
२. रामप्रसादला जुळा भाऊ का निर्माण करावा लागला?
३. ‘कथा’ हा चित्रपट कोणत्या मराठी नाटकावर आधारलेला आहे?

स्वाध्याय

१. ‘रामप्रसादच्या खोटेपणाला भवानीशंकर जबाबदार आहे.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.
२. ‘पडोसन’ आणि ‘जाने भी दो यारों’ या चित्रपटांतील विनोदाची तुलना करा.
३. तुमच्या बोलण्यातील हेलाला कोणी हसले, तर तुम्ही त्याला काय सांगाल? दहा ओळींत लिहा.

उपक्रम

तुमच्या प्रदेशातील भाषेत तयार झालेला एखादा विनोदी चित्रपट घरच्यांसोबत पाहा. सर्वांत जास्त हसू आलेला प्रसंग निवडा आणि त्यात कोणाला हसले गेले, यावर घरात चर्चा करून टिपण तयार करा.