कर्ता पुरुष अंथरुणास खिळतो तेव्हा

पक्षाघात झालेल्या रुग्णाचे आप्त मजकडे येतात तेव्हा हात केव्हा हलेल, पाऊल केव्हा उचलेल, हे प्रश्न ते आवर्जून विचारतात. परंतु ज्याच्या मिळकतीवर मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने आणि घराचे हप्ते निर्वेधपणे पार पडले, तो गृहस्थ एका रात्रीत दुसऱ्याच्या हातून पाणी पिऊ लागला म्हणजे त्या घरातील नात्यांची काय अवस्था होते, हे क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली असता शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि पुष्कळदा वाचाही जाते. वाचा गेली म्हणजे समज गेली, असे मात्र नव्हे. उत्तर देता येत नसले तरी कानी पडलेले सारे उमगते, असे रुग्ण मी अनेक पाहिले आहेत. त्यांच्या उशाशी बसून औषधांच्या खर्चाचा आणि ‘आता यांना कोणाकडे ठेवायचे’ याचा खल करणे हे क्रौर्य आहे, मग ते कितीही अजाणता घडलेले असो. कालपर्यंत ज्यांच्या संमतीवाचून घरात खिळाही ठोकला जात नसे, त्यांना आज कोणी काही विचारीत नाही. आणि लुळ्या हातापेक्षा हे दुःख त्यांना अधिक जाळते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पेन्शनचा जमाखर्च त्यांना वाचून दाखवावा, मुलीच्या स्थळाविषयी त्यांचे मत घ्यावे, मानेच्या होकार-नकाराची वाट पाहावी. सही जुळेनाशी झाली तरी साक्षीदारांसमक्ष अंगठा देऊन बँकेचा व्यवहार करता येतो. तेवढ्यासाठी घाईघाईने मुखत्यारपत्र करून घेऊन त्यांचा अखत्यार संपुष्टात आणू नये.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना विषण्णतेचा विकार जडतो. ताट लोटून देणे, व्यायामास नकार, सुनेवर निष्कारण खेकसणे, यांस घरची मंडळी ‘स्वभाव बिघडला’ म्हणतात. वस्तुतः तो पुष्कळदा औषधाने बरा होणारा आजार असतो. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, आणि नेमका तोच काळ या अनास्थेत वाया जातो.

आता शुश्रूषा करणाऱ्या गृहिणीविषयी, कारण तिची विचारपूस कोणी करीत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावयाची म्हणजे तिला रात्रीची सलग झोप नाही. पतीच्या गोळ्या वेळेवर देताना स्वतःच्या रक्तदाबाची गोळी ती विसरते, आणि कधी चिडून एखादा शब्द बोललीच तर दिवसभर स्वतःस अपराधी मानते. तिचा वैताग हा प्रेमाचा अभाव नव्हे, ती थकलेली आहे. मुलांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि दूर राहणाऱ्या मुलाने केवळ पैसे धाडून मोकळे न होता महिन्यातून काही दिवस स्वतः येऊन राहावे.

आणि ‘माझा तुम्हांला भार झाला, आता सुटलो तर बरे’ असे उद्गार रुग्णाच्या तोंडून आले, तर ‘असे बोलू नये’ म्हणून विषय मिटवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि तोवर त्यांना एकटे ठेवू नका.