विश्वासातील आपल्या आया

वाचन : रोमकरांस पत्र १६:१-१६, २ तीमथ्य १:३-५



रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो. त्यात नुसती नावे आहेत, असे वाटते. पण संत पौलाने ती कृतज्ञतेने लिहिली आहेत. किंख्रिया येथील ख्रिस्तसभेची सेविका फिबी, प्रिस्का, मरिया, पर्सिस अशा अनेक स्त्रिया त्यात आहेत. तेराव्या वचनात पौल रूफला आणि त्याच्या आईला सलाम सांगतो आणि ती आपलीही आई असल्याचे म्हणतो.

तिने पौलाला जन्म दिला नव्हता. तिने त्याच्यासाठी काय केले, हे पत्रात नाही. तिचे नावही नाही. तरी एवढ्या मोठ्या प्रेषिताने तिला आई म्हटले. तीमथ्याला लिहितानाही पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण काढतो. विश्वास आधी त्या दोघींच्या ठायी होता, मग तीमथ्याकडे आला.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक आई होऊन गेली. पंडिता रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, पण त्यांच्यापासून आपणही शिकावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तेव्हा आपला चांदा जिल्हाही त्याच प्रांतात होता. त्या भागातून उपाशी, निराधार अशा शेकडो मुली व बालविधवांना त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणले. तेथील मुक्ती सदनात त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला काम मिळाले. साध्या बायांनाही समजावे म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या. भाकर आणि देवाचा शब्द, दोन्ही देते ती आत्मिक आई.

आता आपल्याकडे पाहू या. १९६२ साली चांद्याचे मिशनक्षेत्र सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपविले गेले आणि १९७७ साली ते धर्मप्रांत झाले. धर्मगुरूंच्या बरोबरीने केरळमधून धर्मभगिनी आल्या. त्या मराठी शिकल्या, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील गावांत गेल्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या. गावागावांत आपल्या आज्या, मावश्याही आहेत. रोवणीच्या दिवसांत चिखलातून थकून आल्यावरही त्या पोरांना जवळ घेऊन क्रूसाची खूण शिकवतात. ऑक्टोबरात घरोघरी जपमाळेला बोलावतात.

आम्ही मात्र चुकतो. सणाला पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतो आणि ह्या बाईला भांडी घासायला ठेवतो. आई म्हणायचे आणि सगळे काम तिच्यावर टाकायचे, हा सन्मान नव्हे. पुष्कळ आज्या आता थकल्या आहेत, काही गेल्या. रूफच्या आईचे नाव आपल्यापर्यंत आले नाही. निदान यांची नावे तरी हरवू देऊ नयेत.

म्हणून ह्या आठवड्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात :

१. आपल्याला पहिली प्रार्थना कोणी शिकविली, तिचे नाव वहीत लिहावे आणि मुलांना सांगावे.
२. ती हयात असल्यास भेटावे, तिचे ऐकावे, घरात औषध-धान्य आहे का ते पाहावे. ती गेली असल्यास तिच्यासाठी मिस्सा अर्पावी.
३. तिचे एक काम आपल्या हाती घ्यावे. पुरुषांनीही घ्यावे.

चिंतनासाठी : माझ्यामुळे कोणाचा विश्वास वाढला आहे का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, क्रूसावरून तू आपली आई योहानाला दिलीस आणि त्याने तिला आपल्या घरी नेले. आम्हाला दिलेल्या आयांना ओळखण्यास आणि त्यांना घरात व मनात जागा देण्यास आम्हाला शिकव. आमेन.