अंगावरचं कधी तोडायचं

मिरज

चि. सौ. मृण्मयीस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनच केला असता, पण तुझ्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र.

ओजस साडेतीन वर्षांचा झाला तरी झोपताना अंगावर पितो. सासूबाई म्हणतात, घोडा झाला, आता दुधाचं पाणी झालंय, तोड. मैत्रीण म्हणते, तो आपणहून सोडेपर्यंत पाज, नाहीतर त्याच्या मनावर परिणाम होईल. जावईबापू काहीच बोलत नाहीत, आणि तुला तेच जास्त लागलंय. बरोबर ना?

दुधाचं पाणी होत नाही, हे आधी सांगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षीही त्यात प्रथिनं असतात, चरबी असते, रोगाशी लढणारे घटक असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, मग वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून पुढे पाजा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी वर्षाची भाषा करायची, तीही 2022 मध्ये दोन वर्षांवर आली. पण दोनाच्या पुढे किती, हे कोणीच ठरवून दिलेलं नाही. म्हणून तर ज्याला-त्याला मत द्यायला जागा मिळते.

तुझी मैत्रीण जे सांगते ते बहुधा कॅथरीन डेटवायलर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंकडून आलेलं असावं. माकडांची आणि वानरांची वाढ, त्यांचे दात यांच्याशी ताडून त्यांनी अंदाज मांडला, की माणसाच्या पोराचं दूध निसर्गतः अडीच ते सात वर्षांच्या दरम्यान सुटत असावं. ओजस पितो त्यात जगावेगळं काही नाही, एवढं यावरून कळतं. सातव्या वर्षापर्यंत पाजलंच पाहिजे, असं मात्र निघत नाही. वानरांवरून आईचं कर्तव्य ठरवू नये, असं आपलं माझं मत.

2012 साली 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर एक आई आणि खुर्चीवर उभं राहून पिणारा तिचा जवळपास चार वर्षांचा मुलगा छापला. अमेरिकेत केवढा गदारोळ उठला! जत तालुक्यात मी नोकरीला होते, तिथल्या बायांनी विचारलं असतं, यात छापण्यासारखं काय? लसीकरणाच्या दिवशी एक पोरगं हातात भाकरीचा तुकडा घेऊन धावत यायचं, आईचा पदर बाजूला सारून दोन घोट प्यायचं आणि परत गोट्या खेळायला पळायचं. त्याची मला कधी काळजी वाटली नाही.

काळजी वाटायची ती दुसऱ्या एका पोरीची. अडीच वर्षांची, दिवसभर आईला चिकटलेली, आणि दुधाखेरीज पोटात काय, तर चहात बुडवलेलं बिस्कीट. खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नावाला नव्हती. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. सहा महिन्यांनंतर ते ताटातूनच यावं लागतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातली पाच वर्षांच्या आतली 67 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणून किती वर्षं पितो यापेक्षा जेवतो काय, हे बघ. वरण-भात, पालेभाजी, अंडं खात असेल तर रात्रीच्या दोन घोटांवरून घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पोट दुधावरच भरत असेल, तर सासूबाईंचं म्हणणं खरं, कारण त्यांनी दिलं ते नसलं तरी.

दात मात्र दाखवून घे. जेवणाचे, गोडाचे कण दातांत राहून रात्रभर पिणं चाललं तर कीड लागू शकते. आधी ब्रश, मग दूध, मग झोप.

सासूबाईंच्या मनात खरं तर दुसऱ्या नातवंडाचा विचार असावा, असा मला संशय आहे. पाळी नियमित येत असेल तर रात्रीच्या एका पाजण्याने दिवस राहायचे थांबत नाहीत. हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं.

आता तुझं. तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यांची मतं आहेत, तुझं नाही. फक्त शेवटी एक ओळ आहे, 'कंटाळा आलाय गं.' तेवढं कारण पुरेसं आहे. साडेतीन वर्षं पाजून आई थकली म्हणून तिने थांबवलं, तर मुलाच्या मनाचं काही वाकडं होत नाही. आणि कंटाळा तात्पुरता असेल, तुला अजून हवंसं वाटत असेल, तर खुशाल पाज. कोणाची परवानगी लागत नाही.

तोडायचंच ठरवलंस तर कोरफड, कडुनिंब असलं काही लावू नकोस. पोर भेदरतं, आणि एकदम बंद केलं तर छातीत गाठी येऊन ताप भरतो तो तुला. आपणहून देऊ नकोस, मागितलं तर आधी गोष्ट सांग, पाणी दे. काही रात्री त्याच्या बाबांना त्याला झोपवू दे. जावईबापूंनी गप्प बसण्यापेक्षा एवढं करावं.

मोठ्या मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींच्या नादी लागू नकोस. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या पावडरीची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून जाहिरातीतली गुटगुटीत पोरं नेमकी त्याच्या पुढच्या वयाची असतात.

या आठवड्यात ओजसचं हिमोग्लोबिन तपासून घे आणि आकडा मला कळव. सासूबाईंशी मी बोलते.

तुझी,
मावशी