ध्वनिपाठ घरी कसा तयार करावा : संगणकाला जोडलेल्या मिक्सरचा उपयोग



दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे ज्या गावांतील कुटुंबे कारखान्याच्या वाटेस लागतात, त्या गावांतील पहिली-दुसरीच्या वर्गांची स्थिती आपणांस ठाऊक आहे. जी मुले आजीपाशी मागे राहतात ती शाळेत येतात. जी आईबापांबरोबर जातात त्यांचे नुकतेच सुरू झालेले वाचन पुष्कळदा तेथेच थांबते. त्यांच्या कोपीत पुस्तक क्वचितच असते. परंतु वडीलमाणसांपैकी कोणा एकाच्या हाती मोबाइल मात्र बहुधा असतो. त्यातून आपल्या बाईंचा किंवा गुरुजींचा परिचित आवाज रोज पाच मिनिटे कानी पडला, तर मुलाचे शाळेशी असलेले नाते तुटत नाही. असे ध्वनिपाठ अनेक शिक्षक स्वयंस्फूर्तीने तयार करून पाठवितात, ही अभिनंदनीय गोष्ट आहे.

तथापि अशा पाठांत एक उणीव वारंवार आढळते. आवाज दुरून घेतलेला असतो, पंख्याची घरघर त्यात मिसळलेली असते, आणि मोकळ्या खोलीचा घुमारा शब्दांवर पसरलेला असतो. मोठ्या माणसाला अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे तो अशा आवाजातूनही शब्द ओळखतो. जे मूल ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘बार’ आणि ‘भार’ यांतील भेद आताच शिकत आहे, त्याला मात्र तो भेद कानांनीच कळावयाचा असतो. महाप्राण अक्षराचा श्वास, ‘श’ आणि ‘स’ यांतील सूक्ष्म अंतर, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचे वेगळेपण हे सारे अस्पष्ट ध्वनिमुद्रणात प्रथम नाहीसे होते. म्हणजे जे शिकवावयाचे तेच नेमके गळून जाते.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाही. एक लहान मिक्सर, एक माइक व संगणक एवढ्यावर घरी उत्तम ध्वनिमुद्रण करता येते. त्यासाठी एकच तत्त्व मनावर ठसवून घ्यावे : आवाज यंत्रात शिरतानाच स्वच्छ असला पाहिजे. शिरताना जे बिघडले ते पुढे संगणकावर कितीही खटपट केली तरी पूर्ववत होत नाही. पुढील सर्व विवेचन ह्या तत्त्वाचाच विस्तार होय.

१. साधनांची ओळख

मिक्सर म्हणजे निरनिराळ्या माइकांचे व वाद्यांचे आवाज एकत्र आणून त्यांचे प्रमाण ठरविणारे यंत्र. गावातील भजनी मंडळाकडे ते पुष्कळ ठिकाणी असते. परंतु मागून आणण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. मिक्सरवर यूएसबीचे छिद्र आहे एवढ्यावरून तो संगणकाला जोडता येतो असे समजू नये. काही मिक्सरांवरील चपटे छिद्र केवळ पेनड्राइव्ह लावून गाणी वाजविण्यासाठी असते. संगणकाला जोडता येणाऱ्या मिक्सरवर बहुधा जवळजवळ चौकोनी छिद्र असते. काही नव्या यंत्रांवर लहान लांबट गोलसर छिद्रही असते. माहितीपत्रक पाहून खात्री करावी.

माइक दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक माइकला बाहेरून विजेचा पुरवठा लागत नाही. तो दणकट असतो व दूरचे आवाज कमी टिपतो. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असतो. त्यास मिक्सरकडून बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो व त्यासाठी मिक्सरवर स्वतंत्र बटण असते. गावातील घरात जवळपास गोठा, गिरणी, रस्ता असतो, म्हणून डायनॅमिक माइकच सोयीचा. त्याच्यासाठी ४८ व्होल्टचे बटण बंद ठेवावे. माइकाची तार तीन टोकांची असावी. अशा तारेतील दोन वाहकांतून एकच आवाज परस्परविरुद्ध रूपात जातो व वाटेत दोहोंत सारखाच शिरलेला विजेचा गोंगाट मिक्सरमध्ये वजा होतो.

२. जागा व वेळ

खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवावी. टाळीमागोमाग झणत्कार उमटला तर ती खोली ध्वनिमुद्रणास अयोग्य समजावी. धान्याच्या गोण्या, अंथरुणाची वळकटी, कपड्यांनी भरलेली दांडी अशा वस्तू असलेली लहान खोली निवडावी. ह्या वस्तू आवाज शोषून घेतात. वाचकाच्या पाठीमागे दोरीवर एखादी जाड गोधडी टांगावी. माइकाचे तोंड वाचकाकडे असते, म्हणून वाचकाच्या मागील भिंतीवरून परतणारा आवाज त्यात अधिक शिरतो. गोधडी तो अडविते. माइकाची पाठ खिडकीकडे ठेवावी. सर्वसामान्य माइक पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो.

पंखा बंद करावा. पत्र्याचे छप्पर असेल तर भर दुपारी पत्रे तडतडतात. यास्तव पहाटेची किंवा रात्रीची वेळ बरी.

माइक तोंडापासून सुमारे १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे एका विताहून किंचित कमी अंतरावर असावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून दूर बसून यंत्राची चावी वाढविणे म्हणजे खोलीचाच आवाज वाढविणे होय. मात्र माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा बाजूला ठेवावा. असे केल्याने ‘फ’, ‘भ’, ‘थ’ यांचा श्वास माइकावर आदळून ‘भप्प’ असा धक्का बसत नाही. अक्षर मात्र स्पष्ट उमटते.

३. जोडणी

जोडणी करताना मिक्सरच्या सर्व चाव्या खाली असाव्यात. माइक पहिल्या मार्गिकेस, हेडफोन हेडफोनच्या छिद्रास व यूएसबीची तार संगणकास जोडावी. ‘ऑडॅसिटी’ नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो व २००० सालापासून जगभर वापरात आहे. त्यात ध्वनीचे आगमस्थान म्हणून मिक्सरची निवड करावी. त्याचे नाव बहुधा ‘यूएसबी ऑडिओ’ अशा स्वरूपात दिसते. ही निवड राहून गेल्यास संगणक आपल्या अंगच्या लहानशा माइकानेच आवाज घेतो व मिक्सर नुसता शोभेचा ठरतो. तपासणीसाठी मिक्सरच्या माइकावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. पडद्यावर उंच रेघ उमटली पाहिजे. त्यानंतर संगणकाच्या कडेवर टिचकी मारावी. तिची तशीच उंच रेघ उमटता कामा नये.

आणखी तीन दक्षता घ्याव्यात. पहिली, भजनासाठी वापरलेल्या मिक्सरवर ‘इको’ची चावी बहुधा वाढविलेली असते, ती शून्यावर आणावी. एकदा मुद्रित झालेला इको काढता येत नाही. दुसरी, संगणकातून परत येणारा आवाज मिक्सरच्या मुख्य मिश्रणात सोडू नये. तो सोडल्यास तोच पुन्हा संगणकात जातो व दुहेरी आवाज किंवा कर्कश शीळ उत्पन्न होते. तिसरी, हेडफोनमध्ये ‘हूं’ असा अखंड गुंजारव ऐकू आल्यास तो बहुधा ५० हर्ट्झच्या विद्युतप्रवाहाचा परिणाम असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. पुष्कळदा तेवढ्याने गुंजारव थांबतो.

४. पातळी ठरविणे

ह्या पाठाचा गाभा हा विभाग होय.

प्रत्येक मार्गिकेवर दोन मुख्य चाव्या असतात. वरची ‘गेन’ माइकाकडून आलेला अशक्त आवाज प्रथम वाढविते. खालची चावी किंवा सरकती दांडी म्हणजे ‘फेडर’. तो वाढविलेल्या आवाजापैकी किती पुढे जावा हे ठरवितो. प्रथम फेडर व मुख्य चावी शून्याच्या खुणेवर ठेवाव्यात. मग पाठातील सर्वांत मोठ्याने वाचावयाचे वाक्य प्रत्यक्ष त्याच आवाजात वाचावे व गेन हळूहळू वाढवावी. तांबडा दिवा लुकलुकताच ती पुरेशी मागे घ्यावी.

आता संगणकाचा मापक पाहावा. त्यावर शून्य ही तळाची नव्हे तर छताची खूण असते. वाचनातील उंच टोके उणे १२ च्या आसपास राहावीत. याचे कारण असे. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजमाप करतो व प्रत्येक मापाची नोंद ठराविक पायऱ्यांत करतो. १६ बिटांच्या नोंदीत अशा ६५,५३६ पायऱ्या असतात. सर्वांत वरच्या पायरीपलीकडे नोंदच नाही. शिगोशीग भरलेल्या मापावर आणखी धान्य ओतले तर ते जमिनीवर सांडते. मापात किती सांडले याचा पत्ता राहत नाही. आवाजाचेही तसेच आहे. छताला लागलेल्या आवाजाचे शेंडे छाटले जातात व त्यांच्या जागी खरखर उरते. नंतर आवाज कमी केल्याने ती खरखर केवळ लहान होते, जात नाही.

उलटपक्षी आवाज अगदीच मंद घेतला, तर पुढे तो वाढविताना यंत्राचा व खोलीचा गोंगाटही तितकाच वाढतो. म्हणून मध्यम पातळी हीच योग्य. सोय असल्यास २४ बिटांची निवड करावी. तीत पायऱ्या पुष्कळच अधिक असल्यामुळे मंद बाजूस चूक झाली तरी ती निभावून नेता येते. छताला लागलेला आवाज मात्र तेथेही सुधारत नाही.

खालचा गडगडाट गाळणारे ‘लो कट’ बटण असल्यास ते दाबावे. ते बहुधा ८० ते १०० हर्ट्झखालील आवाज कमी करते. मनुष्यवाणीच्या स्पष्टतेस त्याची हानी पोचत नाही.

५. दोन माइकांचा उपयोग

गावातील वृद्ध स्त्रियांकडून कहाणी किंवा जात्यावरच्या ओव्या ऐकून त्यांचा पाठ करणे हा उत्तम उपक्रम होय. हेमा राईरकर व गी पॉईटवाँ यांनी १९८० च्या दशकात पुण्याहून आरंभिलेल्या कार्यातून १ लाखाहून अधिक ओव्या लिहून ठेवल्या गेल्या. त्यांपैकी काहींचेच ध्वनिमुद्रण झाले. शब्द कागदावर उतरतात, परंतु चाल व गळा कागदावर उतरत नाही. आणि वृद्ध व्यक्तीला तीच ओवी तशीच पुन्हा म्हणावयास सांगण्याची संधी नेहमी मिळेलच असे नाही.

अशा वेळी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. मिक्सरला माइक चार लागत असले तरी बहुतेक लहान मिक्सर संगणकाकडे डावा व उजवा असे दोनच मार्ग पाठवितात. दोन्ही आवाज मधोमध मिसळून पाठविले, तर आजींच्या ओवीवर आलेला आपला खोकला पुढे वेगळा काढता येत नाही. त्यासाठी ‘पॅन’ची चावी वापरावी : शिक्षकाचा माइक पूर्ण डावीकडे, आजींचा पूर्ण उजवीकडे. ऑडॅसिटीत दोन मार्गांचे मुद्रण निवडावे व नंतर दोन्ही बाजू स्वतंत्र करून प्रत्येकीची काटछाट करावी. शेवटी त्या एकत्र करून एकमार्गी फीत करावी. अन्यथा कानात एकच बोंडूक घालून ऐकणाऱ्या मुलाला प्रश्न ऐकू येईल, उत्तर येणार नाही. एकट्याने वाचावयाचे असल्यास पॅन मध्यावर ठेवून आरंभापासूनच एकमार्गी मुद्रण करावे.

आजींना आधी सर्व हेतू समजावून सांगावा, त्यांची संमती घ्यावी, आणि मुद्रणाच्या आरंभी त्यांच्या अनुमतीने नाव, गाव व दिनांक बोलून ठेवावा.

६. ऐकणे व जपणूक

बोलताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मिक्सरकडूनच थेट ऐकावा. संगणकातून फिरून आलेला आवाज किंचित उशिरा येतो व वाचणाऱ्याची जीभ अडखळते. प्रत्यक्ष पाठापूर्वी दहा सेकंद सर्वांनी स्तब्ध राहून खोलीची शांतता मुद्रित करावी. काटछाट करताना मधल्या जागा भरण्यास ती उपयोगी पडते.

मूळ प्रत ‘वेव्ह’ स्वरूपात जपावी. १६ बिट, ४४,१०० मोजमापांच्या एकमार्गी मुद्रणास सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. म्हणजे पाच मिनिटांच्या पाठास सुमारे २६ एमबी. पालकांकडे पाठविण्यासाठी तिच्यावरून ६४ केबीपीएसची ‘एमपी-३’ प्रत करावी; ती सुमारे २.४ एमबीची होते व कमी जोडणीच्या ठिकाणीही उतरवून घेता येते. मूळ प्रतीची एक नक्कल संगणकाबाहेर पेनड्राइव्हवर आणि दुसरी शाळेत ठेवावी.

पाठ पाठविण्यापूर्वी तो साध्या मोबाइलवर, बाहेर ओसरीवर उभे राहून ऐकावा. मुलाला तो ऐकावयाचा आहे तो शांत खोलीत नव्हे, तर बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या आवाजात. तेथे जो शब्द लागत नाही तो पुन्हा मुद्रित करावा.

मिक्सर उपलब्ध नसेल त्यांनी निराश होऊ नये. जागा, वेळ, अंतर व मध्यम पातळी हे चार नियम साध्या मोबाइललाही लागू आहेत.

७. अभ्यास

पुढील केंद्र शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने पुढील काम करून आणावे.

(अ) ‘पळ–फळ, बार–भार, काल–काळ, शाल–साल’ ह्या जोड्या एका विताच्या आत व दोन हातांच्या अंतरावरून अशा दोन वेळा मुद्रित कराव्यात. दोन्ही मुद्रणे पहिलीच्या पाच मुलांना ऐकवून कोणती अक्षरे चुकली ते लिहून ठेवावे.

(आ) एकच वाक्य मुद्दाम छतास लावून व उणे १२ च्या पातळीस घेऊन, नंतर दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकावे.

(इ) आपल्या शाळेतून स्थलांतरित होणाऱ्या मुलांसाठी पाच मिनिटांचा एक पाठ तयार करावा. त्यात आरंभी मुलांना त्यांच्या नावाने हाक मारावी. हा पाठ त्या मुलांखेरीज इतरत्र पाठवू नये.