नंबर आहे तिथंच राहू दे

बाय, परवा तो कारागीर म्हणाला ना, बंदुकीला नवं लाकूड बसवलं की नंबर झाकला जातोय, तेवढा घासून नळीच्या वरच्या अंगाला पुन्हा मारून देतो, त्याला परत अंगणात पाऊल टाकू देऊ नकोस. त्याच्यासमोर मी गप्प बसलो. पण बंदूक आता तुझ्या नावावर व्हायची आहे, म्हणून तुला बसवून सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांत सोय आहे की परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. मला सत्तर झाली. बाग तू सांभाळतेस, बंदूकही तूच सांभाळ.

शस्त्र कायदा 1959 चा, लागू झाला 1962 च्या ऑक्टोबरात. त्यातलं आठवं कलम पाठ कर. बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा खूण कुणी पुसायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही, खोटी उमटवायची नाही. 'हलवणं' हा शब्द त्यात नाही, म्हणून कारागीर म्हणतो, नंबर तर तोच राहतो, फक्त जागा बदलते. पण जागा बदलायची म्हणजे जुन्या जागेवरचा काढायचा आणि नव्या जागेवर आपल्या हातानं ठोकायचा. दोन्ही कामं त्या कलमात बसतात. आकडा बरोबर असला म्हणून तो कारखान्याचा ठसा होत नाही.

आणि त्याच कलमाचा तिसरा भाग फार कडक आहे. एरवी गुन्हा शाबित करायचं ओझं सरकारवर असतं. इथं मात्र नंबर नसलेली किंवा खाडाखोड झालेली बंदूक ज्याच्या ताब्यात, त्यानंच ते केलं असं धरून चालतात. मी केलं नाही, हे त्यानं दाखवून द्यायचं. म्हणजे हातोडी कारागिराची आणि जबाब तुझा. अशी बंदूक पुढे विकताही येत नाही, कुणाच्या नावावर करताही येत नाही.

कुणाला कळणार, असंही कुणी म्हणेल. ठसा मारताना लोखंड आतपर्यंत दाबलं जातं. वरचा आकडा घासून गेला तरी तो दाब खाली राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून कित्येकदा तोच आकडा पुन्हा वर आणतात.

खरं तर इथं काही हलवायची गरजच नव्हती. कित्येक दुनळी बंदुकांचा नंबर मुळातच पुढच्या लाकडाखाली असतो, लाकूड उतरवलं की दिसतो. झाकलेला नंबर म्हणजे पुसलेला नंबर नव्हे. लाकूड उतरवता येईल असंच बसवून घे, आणि तेही दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडूनच. बंदूक देताना पावतीवर नंबर लिहून घे, परत घेताना तो बंदुकीशी ताडून बघ. नळी कापायचा विचारही नको, त्याला वेगळं कलम आहे.

आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस हा नंबराचा दुसरा वैरी. गंज आधी कोरलेल्या खाचेत शिरतो. तेलाचा फडका फिरवायचा, बस्स. पॉलिश पेपर त्या जागेला लावायचा नाही, काळा रंग नव्यानं चढवून घ्यायचा झाला तर नंबराची जागा सोडून द्यायला सांगायचं. दरवर्षी पावसाआधी तारखेसह फोटो काढून ठेव. पुढे आकडा झिजलाच तर तो कसा झिजत गेला हे दाखवायला तुझ्याजवळ काहीतरी असेल.

निवडणूक आली की बंदूक बहुधा ठाण्यात जमा करावी लागते. एका वर्षी पावतीवर तिथं 8 चा 3 लिहिला गेला. मी न वाचता खिशात घातली. परत न्यायला गेलो तर या नंबराची बंदूक आमच्याकडे नाहीच, असं उत्तर. पाच हेलपाटे झाले, ऐन काजूच्या दिवसांत. तुझ्या आईनं बोंडं एकटीनं वेचली. तेव्हापासून भिंग घेऊनच जातो. परवाना, पावती आणि बंदूक, तिन्हीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा आणि मगच सही करायची.

 

आता राहिली आजोबांची ठासणीची. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आपली दोन भरतात, तिसरं कुणी देऊ केलं तर घेऊ नकोस. या ठासणीच्या नळीवरचे शेवटचे दोन आकडे अंधूक झालेत. छिन्नीनं ते उठवून घ्यावेत असं तुझ्या काकाच्या मनात होतं, मी हात लावू दिला नाही. ती आहे तशी तुझ्या नावावर गेली तर उद्या त्याचा जबाब तुला द्यावा लागेल. म्हणून आधी मी माझ्या नावानं ओरोसला कलेक्टर कचेरीत अर्ज देणार, आकडे कसे दिसतात ते फोटोसकट लिहून. ते काय सांगतात ते लेखी हातात आलं की मगच वारसाचा अर्ज. सोमवारी निघू. जुना परवाना पेटीत वरच आहे, भिंग तेवढं पिशवीत टाक.