‘कन्सेक्युटिव्ह’ म्हणजे लागोपाठ

ताईंनो, बुवापाड्यातल्या आमच्या गटात एका ताईचं नाव कमी करायची वेळ आली होती. नियमांच्या इंग्रजी कागदावर लिहिलं होतं, ‘ॲबसेंट फॉर थ्री कन्सेक्युटिव्ह मीटिंग्ज’. आम्ही वाचलं ‘तीन मीटिंगांना गैरहजर’. हजेरीवहीत तिच्या तीन गैरहजेऱ्या होत्याच, म्हणून निघालो ठराव लिहायला! मधल्या लांबलचक शब्दाचा अर्थ कुणी विचारलाच नाही.

कन्सेक्युटिव्ह म्हणजे लागोपाठ, एकामागून एक, मधलं एकही न गाळता. ती ताई एकदा जूनमध्ये आली नव्हती, मग ऑगस्टमध्ये, मग दिवाळीत. मधल्या सगळ्या मीटिंगांना हजर. म्हणजे नियम तिला लागूच नव्हता.

आपली लोकल आठवा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आज कन्सेक्युटिव्ह स्टेशनं आहेत. उद्या मध्ये चिखलोली सुरू झालं, की अंबरनाथ आणि बदलापूर लागोपाठची राहणार नाहीत.

आता एक गोम. मीटिंगा आठवड्याने होतात, मध्ये सहा दिवस जातात, तरी त्या कन्सेक्युटिव्ह कशा? सोळा सोमवारांचं बघा. शिवमंदिरात आपण रोज जात नाही, पण एकही सोमवार चुकला नाही तर सोळा सोमवार लागोपाठच झाले. मोजायचं काय, दिवस का सोमवार, ते आधी बघायचं.

याच्या शेजारचा शब्द ‘कन्टिन्युअस’, म्हणजे अखंड, क्षणभरही न थांबता. नवरात्रात घटापुढचा दिवा कन्टिन्युअस, नऊ माळा कन्सेक्युटिव्ह. मराठीत दोन्हीला आपण ‘सलग’ म्हणून मोकळ्या होतो, घोटाळा तिथेच होतो. कॅश क्रेडिट खात्यातली उचल मर्यादेच्या वर सतत 90 दिवस राहिली, तर बँक ते खातं एनपीए धरते. त्या नियमात ‘कन्टिन्युअसली’ असतं. मध्ये पैसे भरून रक्कम मर्यादेत आणली, तर ते 90 दिवस तुटतात.

कधी कधी यातला एकही शब्द नसतो, तेही महत्त्वाचं. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या ताईंनी ध्यानात ठेवा. पगारी प्रसूती रजेसाठी बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं लागतं. ते लागोपाठ हवं, असं कायदा म्हणत नाही. ‘मध्ये खाडे झाले’ म्हणून कुणी परत पाठवलं, तर कायद्यात तसं कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

शब्दाची जागाही बघा. मराठीत आपण ‘लागोपाठ तीन महिने’ म्हणतो, इंग्रजीत आकडा पुढे येतो: ‘थ्री कन्सेक्युटिव्ह मन्थ्स’.

पुढच्या मीटिंगला हे सोडवून आणा: एकीने एप्रिल, मे आणि जुलैचा हप्ता चुकवला, जूनचा भरला. ‘थ्री कन्सेक्युटिव्ह इन्स्टॉलमेंट्स’चा नियम तिला लागतो का? आणि जूनचाही चुकला असता तर?